करमणुकीची आवड व ख्रिस्ती विवेक

सायवन, कासा, उधवा, तलासरी या बाजूच्या पाड्यापाड्यांतून जी ख्रिस्ती घराणी आहेत, त्यांच्यातून उपदेशकाच्या कानी हल्ली एक तक्रार वारंवार येते. ती मतांविषयी नसते, बाप्तिस्म्याच्या रीतीविषयी नसते, वर्गणीविषयीही नसते. रात्रीची भाकर झाल्यावर घरात दूरचित्रवाणीवर काय पाहिले जाते, याविषयी ती असते. एका घरी विनोदी कार्यक्रम लागतो, दुसऱ्या घरी गाण्याची स्पर्धा लागते. तिसऱ्या घरी, कित्येक नामांकित माणसे एका घरात कोंडून ठेवून त्यांतून एकेकास बाहेर काढण्याचा खेळ लागतो. चौथ्या घरचा वडील मनुष्य म्हणतो, "हे सारे जगाचे आहे, यात मन घालणारा प्रभूचा नव्हे." त्यावर तरुण उत्तर देतो, "बाबा, मला जे आवडते ते आवडते. माझ्या आवडीचा जाब मी कोणास काय म्हणून द्यावा?"

दोघेही मनापासून बोलतात, म्हणून दोघांच्याही म्हणण्याचा नीट विचार करणे आम्हांस प्राप्त आहे. समजा, पंचांच्या सभेपुढे असा प्रश्न आला की, अमुक तरुण रोज रात्री हे खेळ पाहतो, तर त्यास शब्बाथशाळेचा शिक्षक नेमावे किंवा नाही? वडिलांचा नियम धरला तर तो मुलगा मंडळीच्या दाराबाहेर राहील, आणि त्याच्याबरोबर त्याचे सोबतीही जातील. तरुणाचा नियम धरला तर एका बंधूने दुसऱ्यास बोध करण्याची सोयच उरणार नाही. म्हणून आवड ही कितपत खासगी आहे व कितपत नाही, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम वडिलांचे म्हणणे पाहू. रोम येथील मंडळीत असाच एक तंटा माजला होता. तो पाहण्याचा नसून खाण्याचा होता. एकजण सर्व काही खाई, दुसरा शाकभाजीवर राही. आणि खाणारा न खाणाऱ्यास तुच्छ मानी, न खाणारा खाणाऱ्यास दोषी ठरवी. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात दोघांसही आवरले आहे. चाकर उभा राहतो की पडतो हे त्याच्या धन्याने पाहावयाचे आहे, शेजारच्या चाकराने नव्हे, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. आवडीच्या बाबतीत हा न्याय आम्हांस पूर्णपणे लागू वाटतो. सुक्या बोंबलाचा वास आला की एकाच्या तोंडास पाणी सुटते व दुसरी नाकास पदर लावते. एकास नागलीची भाकर गोड लागते, दुसऱ्यास तांदळाची. यात कोणी अधिक धार्मिक होत नाही व कोणी पापीही होत नाही. त्याचप्रमाणे एकास विनोद आवडावा आणि दुसऱ्यास गाण्याची चढाओढ आवडावी, हा केवळ स्वभावाचा भेद आहे. जो स्वभावभेदास पाप म्हणतो तो खऱ्या पापाचे नाव स्वस्त करतो, आणि मग खरे पाप समोर आले असता त्याच्या शब्दास वजन राहत नाही.

शिवाय आपल्या लोकांचा दिवस कसा जातो, हेही वडिलांनी ध्यानी घ्यावे. दिवाळीनंतर या तालुक्यांतील पुष्कळ कुटुंबे वसई-भिवंडीकडील वीटभट्ट्यांवर जातात. कित्येक जण पहाटे उठून उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत पोहोचतात. कित्येक घोलवड-डहाणूच्या चिकूच्या वाड्यांत राबतात. दिवसभर डोक्यावर विटा वाहून आलेल्या बाईने रात्री घटकाभर पदर तोंडाशी धरून हसावे, यात देवाचा अपमान कोणता? हसण्यास वेळ असतो व रडण्यासही असतो, हे उपदेशकाच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातील तत्त्व आहे. बंदिवासातून परत आलेल्या लोकांचे मुख हास्याने भरून गेले, असा भाव एकशे सव्विसाव्या स्तोत्रात आला आहे. ज्या धर्मात हसण्यास जागा नाही तो धर्म शास्त्रातला नव्हे.

आता तरुणाच्या म्हणण्याकडे वळू. "मला आवडते" या दोन शब्दांनी विषय संपतो, असे त्यास वाटते. परंतु आवड ही जन्मतः मिळालेली वस्तू नाही. ती पुष्कळ अंशी लावून घेतलेली असते. ताडीचेच उदाहरण घ्या. पहिला घोट घेणाऱ्याचे तोंड वाकडे होते. सोबत्यांच्या संगतीने दुसरा घोट घेतला जातो, मग तिसरा, आणि काही महिन्यांनी तोच मनुष्य म्हणतो, "मला आवडते." आवडते हे खरे, परंतु ती आवड त्याने घोटाघोटाने स्वतःच घडविली, हेही तितकेच खरे. जिभेचे जे, तेच मनाचे. आज आपण ज्यास हसतो, त्यास हसण्याची मनास उद्या सवय लागते. आज ज्याचे पडणे पाहून सुख मानतो, तसले सुख मन उद्या अंगणात व विहिरीवर शोधू लागते. म्हणून तुझी आवड अमकीच का, असे आम्ही कोणास विचारीत नाही. परंतु तुझी आवड तुला कसा घडवीत आहे, असे विचारण्याचा प्रीतीचा अधिकार बंधूस आहे.

प्रथम हसण्याविषयी पाहू. पवित्र शास्त्रात दोन प्रकारचे हास्य आढळते. म्हातारपणी पुत्र झाला तेव्हा सारा हसली, आणि ऐकणारा प्रत्येक जण आपल्याबरोबर हसेल असे तिला वाटले. त्या मुलाचे नाव इसहाक. आणि त्या नावाचा अर्थच 'तो हसतो' असा आहे. दुसरे हास्य सुभेदाराच्या वाड्यातील शिपायांचे. त्यांनी आमच्या प्रभूस जांभळे वस्त्र घातले, काट्यांचा मुगूट डोक्यावर ठेवला, हातात वेत दिला आणि गुडघे टेकून त्यास मुजरा केला. वाचकहो, ते एक सोंगच होते. पोशाख होता, पात्र होते, पाहणारे होते आणि हशाही होता. त्या वेळी त्या शिपायांस कोणी विचारले असते तर तेही म्हणाले असते की, आम्हांस हे आवडते. पहिले हास्य मनुष्यास आपल्यात घेते. दुसरे मनुष्यास एकटे पाडते. हा भेद ओळखता येणे हीच या बाबतीतील विवेकाची पहिली पायरी होय.

मराठी विनोदाच्या इतिहासात पहिल्या प्रकारचे हास्य विपुल आहे, आणि हे आम्ही अभिमानाने सांगतो. चि. वि. जोशी यांचा चिमणराव स्वतःचीच फजिती स्वतःच्या तोंडाने सांगतो. १९७२ च्या ऑक्टोबरच्या दुसऱ्या तारखेस मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले, आणि त्याच दशकात चिमणराव व गुंड्याभाऊ ही जोडी त्या पडद्यावर आली. दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांनी ती पात्रे केली. पुढे २००१ साली सुरू झालेल्या 'श्रीयुत गंगाधर टिपरे' या मालिकेत आजोबा, मुलगा-सून व नातवंडे एकमेकांच्या खोडी काढीत. परंतु रात्री सर्वजण एकाच घराचे असत. आपल्या ख्रिस्ती घरातील दाखला द्यावयाचा तर लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' या ग्रंथाचा देता येईल. त्याचे भाग १९३४ पासून प्रसिद्ध झाले. वडिलांच्या अतिरेकी सोवळ्यापासून पतीच्या लहरी स्वभावापर्यंत सर्वांस ती बाई हसते, आणि सर्वांत अधिक स्वतःस हसते. वाचणाऱ्याच्या मनात त्या माणसांविषयी तिरस्कार उत्पन्न न होता मायाच वाढते.

आजचे जे विनोदी कार्यक्रम घरोघर पाहिले जातात, त्यांविषयी काय म्हणावे? 'चला हवा येऊ द्या' हा २०१४ साली सुरू झाला. 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' २०१८ साली. यांपैकी अमुक चांगला व अमुक वाईट असा फतवा काढण्यास आम्ही तयार नाही. कारण एकाच कार्यक्रमात, कित्येकदा एकाच घटकेत, दोन्ही प्रकारचे हास्य येऊन जाऊ शकते. एखादा नट सावकाराच्या लोभाचे असे सोंग आणतो की पाहणाऱ्यास आपलाच लोभ दिसावा. ते हास्य औषधासारखे आहे. त्याच रंगमंचावर दुसऱ्या क्षणी कोणाच्या काळ्या रंगावर, जाड्या अंगावर, बोबड्या बोलीवर किंवा खेडवळ उच्चारावर हशा पिकविला गेला, तर ते हास्य शिपायांच्या वाड्यातले झाले. म्हणून कार्यक्रमाच्या नावावरून निवाडा होत नाही. पाहणाऱ्याने आपले हसू हातात धरून, ते कशातून निघाले हे तपासावे.

आपल्या वारली, कोकणा, काथोडी बंधूंस हे सांगण्याची खरे पाहता गरज नसावी. बाजारात गेल्यावर आपल्या बोलीस, आपल्या नेसण्यास, आपल्या नावास हसणारे लोक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांस त्या हशाची धार ठाऊक आहे. तीच माणसे घरी येऊन पडद्यावरील दुसऱ्या कोणा दुबळ्यास तसेच हसू लागली, तर ज्या दगडाने आपण जखमी झालो तोच दगड आपण उचलला असे होईल.

आता स्पर्धांविषयी. चढाओढ मुळातच वाईट, असे काही आमचे म्हणणे नाही. पौलाने करिंथकरांस लिहिताना धावण्याच्या शर्यतीचा दृष्टांत दिला आहे, आणि तिचा मुगूट नाशवंत असतो हेही त्याने सांगितले आहे. परंतु स्पर्धा-स्पर्धांत भेद आहे. २०१९ साली अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी येथील बबिता ताडे यांनी 'कौन बनेगा करोडपती' या कार्यक्रमात एक कोटी रुपये जिंकले. त्या शाळेतील मुलांसाठी खिचडी शिजवीत, व त्यांस महिना १५०० रुपये मिळत. त्या आसनावर त्यांचा सामना प्रश्नांशी होता, माणसांशी नव्हता. २००९ साली 'सारेगमप'च्या लहान मुलांच्या स्पर्धेत आळंदीची कार्तिकी गायकवाड पहिली आली. तिच्यासह अखेरच्या फेरीत पोहोचलेली पाचही मुले मोठी होऊन २०२१ साली त्याच कार्यक्रमात परीक्षक म्हणून एकत्र बसली. एक जिंकली म्हणून बाकीचे चौघे पुसले गेले नाहीत.

याहून निराळा प्रकार तो कोंडलेल्या घराचा. हा खेळ १९९९ साली हॉलंड देशात 'बिग ब्रदर' या नावाने निघाला. हिंदीत २००६ साली व मराठीत २०१८ साली तो 'बिग बॉस' या नावाने आला. त्याची रचना जाणून घेण्यासारखी आहे. घरातील माणसांस बाहेरची बातमी कळत नाही. जागोजागी लावलेले कॅमेरे त्यांस रात्रंदिवस टिपतात. घरात राहणाऱ्यांस बहुधा आपल्याच सोबत्यांपैकी कोणास बाहेर घालवावे हे कारणांसह सांगावे लागते, म्हणजे एकमेकांचे दोष मोजून ठेवणे हा त्यांच्या खेळाचा भाग होतो. मग पाहणारे मते देतात, व ज्यास मते कमी तो बाहेर जातो. चोवीस तासांतील सुमारे एक तास निवडून आपणांस दाखविला जातो. आणि त्या एका तासावरून आपण त्या माणसाच्या सबंध अंतःकरणाचा न्याय करून मोकळे होतो. कोणाचा न्याय करू नये असे प्रभूने डोंगरावर शिकविले. ती शिकवण रविवारी ऐकावयाची आणि सोमवारपासून रोज रात्री न्यायासनावर बसण्याचा सराव करावयाचा, ही विसंगती पाहणाऱ्याने स्वतःशी विचारात घ्यावी.

पडद्यावरील माणूस हाडामांसाचा असतो, हे दाखविणारी एक खरी हकीकत सांगतो. २००७ च्या जानेवारीत इंग्लंडातील अशाच खेळात आपल्या देशाची नटी शिल्पा शेट्टी गेली होती. जेड गुडी नामक इंग्रज स्त्रीने व तिच्या सोबतिणींनी तिच्या बोलण्याचा व देशाचा उपमर्द केला. तेथील पाहणाऱ्यांनीच सरकारी नियंत्रकांकडे चाळीस हजारांहून अधिक तक्रारी धाडल्या, व अखेर शिल्पाच विजयी झाली. सारा देश जेडवर थुंकला. पुढे जेडने क्षमा मागितली. २००८ साली ती हिंदी 'बिग बॉस'मध्ये राहावयास आली, आणि त्या पर्वाची सूत्रधार शिल्पाच होती. थोड्याच दिवसांत, त्या कोंडलेल्या घरातच, जेडला कर्करोग झाल्याचे वर्तमान कळले. ती मायदेशी परतली, व २२ मार्च २००९ रोजी सत्ताविसाव्या वर्षी वारली. मागे दोन लहान मुलगे राहिले. दोन वर्षांपूर्वी जिला लोकांनी राक्षसीण ठरविले होते, ती कोणाची तरी आई होती. पाहणाऱ्यांस हे आधी दिसले नाही, कारण त्या एका तासात ते दाखविले नव्हते.

तथापि पाहणाऱ्याचे मन वळूही शकते, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. मराठी 'बिग बॉस'चे पाचवे पर्व २०२४ च्या ऑक्टोबरात संपले, तेव्हा बारामती तालुक्यातील मोढवे गावचा सूरज चव्हाण जिंकला. आईबाप लहानपणीच गेलेले, शाळा अर्ध्यात सुटलेली. मोबाइलवरच्या लहान चित्रफितींतील आपल्या विलक्षण बोलण्याने तो प्रसिद्ध झाला होता. त्याच्या बोलण्यास हसणारे पुष्कळ होते; परंतु सत्तर दिवस त्याचा साधेपणा पाहिल्यावर त्यास मत देणारे त्याहून पुष्कळ निघाले. त्याच पर्वात दुसरा आला तो अभिजीत सावंत, जो २००५ साली पहिल्या 'इंडियन आयडॉल' स्पर्धेत पहिला आला होता. एकदा ज्याच्या डोक्यावर देशाने मुगूट ठेवला, तो एकोणीस वर्षांनी दुसऱ्याच्या मुगुटासाठी टाळ्या वाजवीत उभा होता. पौलाने नाशवंत मुगूट म्हटले ते यापेक्षा स्पष्ट कोणी समजावून सांगावे?

या डोंगरपट्टीतील जुन्या करमणुकीकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट मनात भरते. भाताची कापणी होऊ लागली की पाड्यात तारपा वाजतो. तारप्याचा उपासनेशी संबंध असावा की नसावा, हा वाद येथे आम्ही काढीत नाही; त्या नाचाची रचना तेवढी पाहतो. वाजविणारा मध्ये, आणि नाचणारे एकमेकांच्या कमरेस हात घालून त्याच्या भोवती फिरतात. दमलेला विसावतो आणि पुन्हा येऊन साखळीत मिसळतो. तेथे कोणास बाहेर काढावयाचे नसते, आणि शेवटी एकटा उरणारा कोणी नसतो. ज्या लोकांच्या आनंदाची आकृती वर्तुळ होती, त्यांस आज एकेक माणूस कमी करीत जाणाऱ्या आनंदाची सवय लागत आहे. हा बदल लहान नाही, व तो कोणाच्या लक्षात येण्यापूर्वीच घडत असतो.

तर मग पंचांपुढील त्या प्रश्नाचे उत्तर काय? आमचे मत असे. तो तरुण काय पाहतो, एवढ्यावरून त्यास शिक्षकपदापासून दूर ठेवू नये. त्याच्या हसण्याने वर्गातील एखादे तोतरे किंवा लंगडे मूल एकटे पडते काय, हे पाहावे. घरात शेजारी बसलेल्या आजीस किंवा लहान बहिणीस एखाद्या बोलण्याने खाली मान घालावी लागली, तर तो हातातील रिमोट उचलतो काय, हे पाहावे. पौलाने मांसाविषयी हेच केले. मांस अशुद्ध आहे असे त्यास वाटत नव्हते, परंतु भावास अडखळण होत असेल तर ते सोडण्यास तो सिद्ध होता. आपली आवड दुसऱ्यासाठी सोडता येणे, हीच ती आवड आपली धनीण झाली नसल्याची खूण आहे. जी आवड कोणासाठीही सोडवत नाही, ती विनोदाची असो, गाण्याची असो, किंवा दुसऱ्यास दोष देण्याची असो, तिच्यापासून सावध राहावे. शेवटची आवड वडील मनुष्यासही असू शकते, व तिला डिश लागत नाही की वीजही लागत नाही.

उपदेशक बंधूंस आमची एक सूचना आहे. कार्यक्रम बंद करा असे दारातून ओरडून जाऊ नका. एखाद्या रात्री त्या घरी जाऊन खाटेवर बसा, त्यांच्याबरोबर पाहा, हसण्याजोगे असेल तेथे हसा. कार्यक्रम संपल्यावर एवढेच विचारा की, आज आपण ज्यास हसलो तो या क्षणी येथे येऊन बसला असता, तर आपणाबरोबर हसला असता काय? मुले त्याचे उत्तर मोठ्यांच्या आधी देतील. मग शास्त्रपाठ वाचून प्रार्थना करा, आणि ज्यास त्या आठवड्यात घराबाहेर काढले त्याचेही नाव प्रार्थनेत घ्या.